जाताना चाळीस, येताना साठ

फोन आला तेव्हा मी रायपूरबाहेर उरल्याला, आमच्या कारखान्याच्या धरमकाट्यापाशी उभा होतो. सळ्यांनी भरलेला ट्रक तोलावर चढत होता, ड्रायव्हर खिडकीतून मान काढून माझ्याकडे बघत होता, आणि कानाशी वर्षाचा, म्हणजे माझ्या बायकोचा आवाज आला, "बाबा गेले. या तुम्ही. अन् हळू या." मी घड्याळ बघितलं आणि गाडीला किक मारली. बीरगांवला नेहमीसारखी ट्रकांची रांग होती, तिच्या कडेकडेनं धूळ खात निघालो. शहरात शिरल्यावर कुठल्यातरी मिरवणुकीनं रस्ता अडवला होता, म्हणून मागच्या गल्ल्यांतून आलो, आणि तात्यापाऱ्यातल्या सासरच्या घरासमोर गाडी उभी करून पुन्हा घड्याळ बघितलं. चौपन्न मिनिटं. हा आकडा तोंडात तयार ठेवूनच मी उंबरा ओलांडला. सव्वीस वर्षांत मी त्या दारातून आकड्याशिवाय कधी आत गेलो नव्हतो. आत गेल्यावर दिसलं, की विचारणारा माणूस चटईवर आडवा आहे, नाकात कापूस आहे, आणि माझ्या वेगात त्याला पहिल्यांदाच काही रस उरलेला नाही.

नीळकंठराव मोहगावकर माझे सासरे. अर्धं रायपूर त्यांना गुरुजी म्हणायचं, मी मामाजी म्हणायचो, आणि ते मला पन्नास म्हणायचे.

ते फार प्रेमळ होते, असं गेल्या महिनाभरात मी निदान साठ लोकांच्या तोंडून ऐकलं. साफ खोटं. तुच्छता ही मामाजींची मातृभाषा होती. मराठी ते बहुधा नंतर शिकले. सरकारी शाळेत त्यांनी पस्तीस वर्षं गणित शिकवलं, निवृत्तीनंतर घरच्या पुढच्या खोलीत शिकवलं, आणि या सगळ्या काळात त्यांनी कुणाला "शाब्बास" म्हटल्याचा पुरावा नाही. उत्तर बरोबर आलं तर ते फक्त पुढचं गणित घालत. चुकलं तर मात्र खुलत. चष्मा कपाळावर चढवत, आणि ज्या आदरानं आपण पाहुण्याला पाट देतो त्या आदरानं त्या चुकीला बसवून तिची चौकशी करत.

गणितातही त्यांचा जीव एकाच जागी अडकला होता. वेग, वेळ आणि अंतर. भूमिती त्यांना बायकी कलाकुसर वाटायची, टक्केवारी म्हणजे वाण्यांचं काम. पण एक आगगाडी अमुक वेगानं निघाली, दुसरी समोरून तमुक वेगानं आली, असं वाचलं की त्यांच्या डोळ्यांत पाणी यायचं. बहुतेक वेळा संतापाचं. कारण पुस्तकं लिहिणाऱ्यांबद्दल त्यांचं मत फार वाईट होतं. एकदा एका गाईडात त्यांना ताशी अठरा किलोमीटर वेगानं चालणारा माणूस सापडला. मामाजींनी पुस्तक मिटलं, पोट्ट्यांकडे बघितलं आणि शांतपणे म्हणाले, "हा चालून नाही राहिला. याच्या मागं अस्वल लागलं आहे. लेखकानं अस्वल लिहिलं काहून नाही?" पुढे वर्षभर त्या खोलीत कुणाचंही उत्तर अवाच्या सवा आलं की पोट्टे आपणच ओरडत, "गुरुजी, अस्वल!"

त्यांची एक पद्धत होती. उत्तर आलं की ते वहीत लिहू देत नसत. "आधी त्याले सदर बाजारात नेऊन उभं कर," म्हणायचे. "लाज वाटते का बघ." म्हणजे तुझा सायकलवाला ताशी ऐंशीनं चालला असेल, तर त्याला सदर बाजाराच्या त्या गर्दीत, सराफांच्या दुकानांसमोरून, स्कूटर आणि गाई आणि साड्यांची गाठोडी चुकवत ऐंशीनं चालवून दाखव. नाही चालत ना? मग वर जा, चूक शोध. अशा रीतीनं मामाजींच्या हाताखालच्या हजारभर पोरांनी डोळे मिटून सदर बाजारात किती अपघात केले असतील, त्याची गणती नाही.

आणि तो त्रिकोण! कोचिंगवाल्यांनी तो त्रिकोण काढला होता ना, वर अंतर, खाली वेग आणि वेळ, जे हवं ते बोटानं झाकायचं की उरलेलं उत्तर... तो त्रिकोण मामाजींनी एका पोट्ट्याच्या वहीत पहिल्यांदा बघितला तेव्हा त्या पोट्ट्याला वाटलं, की आपण चुकून काहीतरी घाणेरडं चित्र आणलं आहे. "बोटानं झाकून गणित सोडवतात," मामाजी सासूबाईंना हाक मारून म्हणाले, "अहो, ऐकलं का? आता झाकून सोडवतात!" माझी मुलगी ईशा तेव्हा नववीत होती. तिला मराठी समजतं सगळं, पण उत्तर हिंदीत देते, तशी तिची सगळी पिढीच. ती म्हणाली, "आबा, एग्ज़ाम में इतना सोचने का टाइम किधर मिलता है?" मामाजी म्हणाले, "टाइम किधर मिलता है, हेच तर गणित आहे बेटा. ते सोडव आधी."

आता माझं सांगतो. फार लाजिरवाणं आहे, म्हणून मजेनं सांगतो.

वर्षा लग्नाची झाली तेव्हा मामाजींनी एक पद्धत पाडली. मुलगा बघायला आला, साबुदाण्याचे वडे झाले, की त्याची बशी अजून हातात असतानाच ते विचारायचे, "एक माणूस गावाला गेला. जाताना ताशी चाळीसच्या वेगानं गेला, त्याच रस्त्यानं ताशी साठच्या वेगानं परत आला. पूर्ण प्रवासाचा सरासरी वेग किती?" दुर्गचा पहिला मुलगा, बँकेतला, वडा चावत म्हणाला, "पन्नास." मामाजी म्हणाले, "चटणी घ्या अजून," आणि प्रकरण तिथेच संपलं. दुसरा पन्नास. तिसरा, वकील होता, त्यानं आधी विचारलं की हा प्रश्न कायदेशीर आहे का, मग पन्नास.

रायपूर, दुर्ग, बिलासपूर मिळून आपल्या मराठी लोकांची वस्ती ती केवढी! हळदीकुंकवात बातमी निघाली, की मोहगावकर गुरुजींकडे मुलगी बघायला गेलात तर एक प्रश्न विचारतात, आणि उत्तर अठ्ठेचाळीस आहे. का अठ्ठेचाळीस, हे कुणालाच माहीत नव्हतं. विचारायची गरजही वाटली नाही. मुहूर्त का अमुक वाजताचा, हे तरी कोण विचारतं? पुढचे दोन मुलगे आले ते दारातून अठ्ठेचाळीस घेऊनच आले. एकानं तर प्रश्न पुरता होण्याआधीच दिलं. मामाजी सावध झाले. भिलाईचा एक इंजिनियर आला तेव्हा त्यांनी आकडे बदलले, जाताना तीस, येताना साठ. त्या इंजिनियरानं आढ्याकडे बघितलं, बोटं मोडल्यासारखी केली, हिशेब केल्याचं पूर्ण नाटक केलं आणि म्हणाला, "अठ्ठेचाळीस." ही गोष्ट मामाजी मरेपर्यंत सांगत आले. सांगताना ते त्या इंजिनियराच्या बोटांचीही नक्कल करत.

त्यानंतर मी. माझे वडील रेल्वेत, मूळचे गोंदियाकडचे. मी मेकॅनिकलचा डिप्लोमा करून उरल्याला लागलेला, माल रवाना करण्याच्या खात्यात. माझी कमलआत्या हे स्थळ घेऊन आली आणि रिक्षात बसल्यापासून तिनं माझ्या कानात एकच जप चालवला, "अठ्ठेचाळीस म्हणजो. विसरू नको. अठ्ठेचाळीस." मी म्हटलं, "काहून अठ्ठेचाळीस?" ती म्हणाली, "तुले लग्न करायचं आहे का गणित?"

मामाजींनी माझ्यासाठी पुन्हा मूळचे आकडे आणले, चाळीस आणि साठ. ते पुढे मला म्हणाले, की तोपर्यंत त्यांना उत्तरात रस उरलाच नव्हता, चोरलेलं उत्तर देताना माणसाचा चेहरा कसा होतो तेवढंच बघायचं होतं. मी बशी खाली ठेवली. चाळीस आणि साठ शंभर, शंभराचे अर्धे पन्नास. पुन्हा केलं, पुन्हा पन्नास. समोर आत्या ओठांनी अठ्ठेचाळीस म्हणत होती, इतक्या जोरात की ऐकू येईल. मी म्हटलं, "काका, मले घरून अठ्ठेचाळीस सांगायले लावलं आहे. पण माझं उत्तर तर पन्नास येऊन राहिलं."

आत्यानं डोळे मिटून घेतले. आतल्या खोलीतून बांगड्यांचा आणि दाबलेल्या हसण्याचा आवाज आला.

"घरून आणलेलं बरोबर आहे," मामाजी म्हणाले. "तुमचं चूक आहे."

"असेल."

"मग बरोबर होतं ते दिलं काहून नाही?"

"मले ते समजलं नाही म्हणून."

मामाजींनी चष्मा कपाळावर चढवला. त्याचा अर्थ मला तेव्हा कळायचं कारण नव्हतं. मुलगी बघणं राहिलं बाजूला. ते उठले, भिंतीशी टेकवलेला लाकडी फळा त्यांनी खुर्चीवर उभा केला आणि खडू घेतला. "रस्ता किती लांब आहे?" म्हणाले. मी म्हटलं, "तुम्ही सांगितलं नाही." "मग धरा. भीता काहून? रस्ता आपल्या बापाचा आहे. एकशेवीस किलोमीटर धरा." धरले. चाळीसनं एकशेवीस जायला किती तास? तीन. साठनं यायला? दोन. एकूण रस्ता दोनशे चाळीस, एकूण तास पाच. दोनशे चाळीस भागिले पाच. "किती?" अठ्ठेचाळीस. "समजलं?" मी म्हटलं, "उत्तर आलं, पण समजलं नाही." त्यांनी फळा पुसला आणि रस्ता साठ किलोमीटरचा धरला. पुन्हा अठ्ठेचाळीस. चहा आला, निवला. आत्या "उशीर होऊन राहिला" म्हणाली ते कुणी ऐकलं नाही. तिसऱ्या वेळी माझ्या डोळ्यांपुढे आमचे ट्रक आले. भरून जातात ते चाळीसनं रडत जातात, रिकामे येतात ते साठनं उडत. ड्रायव्हर काय म्हणतो? जायलाच सगळा दिवस जातो साहेब, यायचं तर कळत नाही. मी ओरडलो, "म्हणजे साठवर गाडी कमी वेळ असते! जास्त वेळ चाळीसवर असते, म्हणून सरासरी चाळीसकडे कलते!"

मामाजींनी पुढचं गणित घातलं असतं, पण बहुधा लक्षात आलं की समोर विद्यार्थी नाही, मुलगा बघायला आला आहे. त्यांनी फळा पुसला आणि वरच्या उजव्या कोपऱ्यात ठळक लिहिलं, ५०. म्हणाले, "हे असू द्या इथं. पोट्टे येतात शिकायले. चूक कशी दिसते ते दिसलं पाहिजे."

आम्ही गेल्यावर त्यांनी आत जाऊन सासूबाईंना जे सांगितलं ते वर्षानं दाराआडून ऐकलं, आणि लग्नाच्या पहिल्याच आठवड्यात मला ऐकवलं : "मूर्ख आहे. पण स्वतःचा मूर्ख आहे, उसना नाही." एवढ्या भांडवलावर माझं लग्न झालं.

तुम्हाला वाटेल, पुढे त्यांनी विसरून टाकलं असेल. छे. लग्नाच्या मांडवात त्यांनी आपल्याकडच्या पाहुण्यांशी माझी ओळख करून दिली, "हे आमचे जवाई. पन्नास." बारशाला, वास्तुशांतीला, रेल्वे स्टेशनवर भेटलेल्या अनोळखी माणसालाही. मला बढती मिळाली तेव्हा पेढे घेऊन गेलो. "काय झाले तुम्ही?" डिस्पॅच इनचार्ज. "म्हणजे गाड्या कधी पोचतील हे तुम्ही सांगणार?" हो. त्यांनी पेढा खाल्ला आणि देवाकडे बघून हात जोडले. मी त्यांच्याकडे गेलो तर दारातच विचारायचे, "किती वेळ लागला, जवाईबुवा?" मी "अर्धा तास" म्हटलं की, "अर्धा तास म्हणजे अंदाज. अंदाज ज्योतिषी सांगतात. तुम्ही घड्याळ घालता ना हातात, का ते हुंड्यात दिलं होतं म्हणून घालता?" हुंडा त्यांनी एका सुपारीचाही दिला नव्हता, हे जाता जाता सांगून ठेवतो. घड्याळ माझंच होतं.

आणि तो फळा. कोपऱ्यातलं ते पन्नास खडूचं, कधीतरी पुसलं जाणारच, अशी माझी आशा होती. पण खंडेनवमीला आपण ज्याचं खातो त्या हत्याराची पूजा करतो. मामाजींचं हत्यार म्हणजे फळा. दर वर्षी आदल्या दिवशी तो अंगणात धुवायचा, वाळवायचा, आणि काजळीत डिंकाचं पाणी कालवून त्याला नवं काळं द्यायचं. काजळी मी आणायची, कारखान्यातून, डब्यात भरून. "तुमच्या उरल्यात निघणारी हीच एक वस्तू उपयोगाची," असं म्हणून ते डबा घ्यायचे. फळा वाळला की नव्या कोऱ्या काळ्यावर पहिला खडू टेकवायचे ते वर उजवीकडे, ५०. मग हळदकुंकू, मग आपट्याचं पान. माझ्याच काजळीवर माझीच चूक, आणि वर फूल. सव्वीस वर्षं.

मी लढलो नाही असं नाही. एकदा मी म्हटलं, "मामाजी, दोन्हीकडे वेळ सारखा धरला तर सरासरी पन्नासच येते. तीन तास चाळीसनं, तीन तास साठनं, तीनशे भागिले सहा. बघा." मी हे आठवडाभर तयार करून आणलं होतं. त्यांनी पूर्ण ऐकून घेतलं, तपासलं. मग म्हणाले, "बरोबर आहे." माझ्या छातीत ढोल वाजले. "पण हे मी विचारलंच नव्हतं. विचारलं नाही त्याचं बरोबर उत्तर देणारे लई आहेत, जवाईबुवा. सगळे कोचिंगमध्ये शिकवून राहिले."

मला काय हवं होतं, तेही सांगतो. मला त्यांच्या तोंडून एकदाच ऐकायचं होतं, की झालं, हा आता पन्नास नाही. मी बावन्न वर्षांचा माणूस आहे, माझ्या हाताखाली तीस माणसं काम करतात, आणि मला एका म्हाताऱ्या मास्तराकडून पास व्हायचं होतं.

शेवटच्या महिन्यात ते खाटेवर होते. पोट्टे येणं बंद झालं होतं. त्याआधीच ते तीनवर आले होते, बाकी सगळे कोचिंगला. एका संध्याकाळी मी उरल्याहून तसाच गेलो. त्यांना बोलायला त्रास व्हायचा, तरी ओठ हलले. मी वाकलो.

"किती... वेळ लागला?"

"पन्नास मिनिटं, मामाजी."

ते हसले. दात नव्हते तरी ते हसणं तुच्छच होतं. "अठ्ठेचाळीस असतील," म्हणाले. त्यानंतर आमचं बोलणं झालं नाही. खरं सांगायचं तर त्या दिवशी मी घड्याळ बघितलं नव्हतं.

तेरावं झाल्यावर इथल्या मराठी मंडळाच्या सभागृहात शोकसभा ठेवली. ती खास मामाजींसाठी देवानं लिहिली असावी. फोटोला हार, उदबत्ती, आणि माइकवर एकामागून एक ते सगळे, ज्यांना मामाजींनी आयुष्यभर गाढव म्हटलं. गुरुजी म्हणजे ज्ञानाचा सागर. गुरुजी म्हणजे मायेची सावली. सावली! मी फोटोकडे बघत होतो. हाराखालून चष्मा कपाळावर चढेल अशी मला खात्री वाटत होती. शेवटी आले एक डायरेक्टर साहेब. नाव कशाला सांगू. शहरात त्यांच्या कोचिंगचं होर्डिंग आहे, त्यावर ते स्वतः हाताची घडी घालून उभे आहेत, मागे रॉकेट. कधीकाळी मामाजींचा विद्यार्थी. त्यांनी डोळे पुसले, आणि हिंदीत सुरू केलं, कारण माइक हातात आला की आपल्याकडे मराठी माणसाला हिंदी येते.

"गुरुजी का एक फेवरेट सवाल था," ते म्हणाले. "आप सबको याद होगा. एक आदमी चालीस की स्पीड से गया, साठ की स्पीड से लौटा. एवरेज क्या हुआ? और हम सब बच्चे एक साथ चिल्लाते थे... पचास!"

टाळ्या पडल्या. शोकसभेत टाळ्या. "यही गुरुजी का संदेश था," ते पुढे म्हणाले, "जीवन में बैलेंस रखो. पचास पर रहो."

मी आजूबाजूला बघितलं. पुढच्या रांगांत निदान चाळीस माजी विद्यार्थी होते. इंजिनियर, बँक मॅनेजर, एक तहसीलदार. सगळे ओल्या डोळ्यांनी माना डोलावत होते. एकाच्याही कपाळाला आठी नाही. ज्या उत्तरासाठी त्या माणसानं सहा मुलगे परत पाठवले आणि सातव्याला जन्मभर चावलं, ते उत्तर त्याच्या फोटोसमोर मेलं होतं आणि लोक टाळ्या वाजवत होते.

आणि मी? मी खोटं बोलणार नाही, आधी मला आनंद झाला. एवढा, की गुदगुल्या व्हाव्यात. भर सभेत, मंडळाच्या साक्षीनं, टाळ्यांच्या गजरात पन्नास बरोबर ठरलं होतं! सव्वीस वर्षांचा कलंक धुतला गेला होता, मला फक्त खुर्चीत गप्प बसायचं होतं. मी वर्षाकडे बघितलं. ती फोटोकडे बघत होती. तिचा चेहरा असा झाला होता जसा... घरात कुणी दुसऱ्यांदा जावं.

"अठ्ठेचाळीस," मी म्हटलं. बसल्या जागेवरून म्हटलं, कुणाला ऐकू गेलं नाही. मग उभा राहिलो. "अठ्ठेचाळीस!"

डायरेक्टर साहेब थांबले. "जी भैया?"

"पन्नास नाही. अठ्ठेचाळीस."

ते मोठ्या मनानं हसले. "भैया, श्रद्धांजलि में कैलकुलेशन थोड़े ही करते हैं. भाव समझिए."

"भाव भाजीचा विचारा," मी म्हटलं. हे मी म्हटलं, पण आवाज माझा नव्हता. "रस्ता किती लांब आहे?"

"मतलब?"

"धरा. भीता काहून? एकशेवीस धरा."

मागून कुणीतरी "बैठ जाओ भाई" म्हणालं. मी बसलो नाही. मी त्या सभागृहाला, हार घातलेल्या फोटोसमोर, चाळीसनं तीन तास नेलं आणि साठनं दोन तासांत परत आणलं. तहसीलदार साहेबांनी मोबाइल काढला. डायरेक्टर साहेब म्हणाले, "ये तो टू ए बी अपॉन ए प्लस बी वाला हो गया, हम तो सिंपल वाला बोल रहे थे," आणि त्यांनी माइक सूत्रसंचालकाच्या हातात असा दिला, जशी तापलेली कढई. सूत्रसंचालक घाबरून म्हणाले, "आता आपण दोन मिनिटं मौन पाळूया." सगळे उभे राहिले. मौनाच्या पहिल्याच मिनिटात मागच्या रांगेतून स्पष्ट कुजबुज ऐकू आली, "हव यार... अड़तालीसच आ रहा है."

परत येताना गाडीवर, घराजवळ आल्यावर वर्षा म्हणाली, "पहिले बसल्या बसल्या काहून म्हणलं? उभं राहून म्हणायचं होतं ना." म्हणजे तिनं पहिलंही ऐकलं होतं.

मग खंडेनवमी आली. वर्ष सुतकासारखंच, सण करायचा नाही, म्हणून मी काजळी आणली नव्हती. सासूबाईंचा फोन आला, "डबा काहून नाही आला?" मी म्हटलं, "आई, या वर्षी सण..." त्या म्हणाल्या, "सण नाही करायचा. फळा करायचा आहे." मी डबा भरून नेला. अंगणात फळा धुतला. कोपऱ्यातलं जुनं पन्नास पाण्याबरोबर वाहून मोरीत गेलं, आणि ते जाताना मी बघत बसलो. डिंक कालवला, काळं दिलं, उन्हाला उभा केला. वाळल्यावर आत आणून त्याच खुर्चीवर ठेवला. कोराकरकरीत. पहिल्यांदाच त्यावर मी नव्हतो.

सासूबाईंनी खडूचा डबा पुढे केला. वर्षा दारात उभी होती. म्हणाली, "आता तुमची मर्जी. सुटलात तुम्ही." ईशा पुण्याहून व्हिडिओवर होती, तीही म्हणाली, "पापा, अब तो फोर्टी-एट लिख दो. यू अर्न्ड इट."

खरं होतं ते. मी खडू घेतला. अठ्ठेचाळीस लिहायचं म्हणून हात वरही नेला. पण अठ्ठेचाळीस तर कुणीही लिहील, मोबाइलवर बघून लिहील, कमलआत्यानं सांगितलं म्हणून लिहील. ते उत्तर त्या फळ्यावर कधी लिहून ठेवलंच नव्हतं. ते दर वेळी रस्ता धरून, तास मोजून काढायचं असायचं आणि पुसायचं असायचं. राहायची ती फक्त चूक. माझी, स्वतःची, उसनी न आणलेली.

मी वर उजवीकडे लिहिलं, ५०. पाच बरा आला. शून्य जरा चपटं आलं, खालून उघडं राहिलं.

वर्षानं दारातून मान तिरकी करून बघितलं. चष्मा तिलाही आहे आता. तिनं तो कपाळावर चढवला.

"शून्य पण धड येत नाही," ती म्हणाली. "पुसा. पुन्हा काढा."